मानस

बांबोळीला, ओपीडीत,
डॉक्टर ग्लेंडा कागदावर चौकोन काढते, गोल काढते.
चौकोन पुरुष, गोल बायका.
ज्यांना होतं ते काळे करायचे.

होतं म्हणजे?
आमच्या चोडणात कुणाला काही नव्हतं.
फटीआजोबांना वारं लागलेलं, एवढंच.
अकरा रात्री बांधावर फिरले
कुर्ल्यांची बिळं बुजवत,
बाराव्या दिवशी गाय विकली
आणि वाड्यावर घरटी एक पितळी समई वाटली.
मग दोन पावसाळे भिंतीकडे तोंड.
पेन खरखरतं. एक चौकोन काळा.

उल्हासकाका हुशार होता फार.
हुशार म्हणजे, डॉक्टर विचारते, झोपायचा?
शेवंताआत्याला माणसं सोसत नसत.
ती विहिरीत

घसरली, असं आम्ही म्हणतो.

आणि तुम्ही?
मी पहाटे तीनला तांब्याची भांडी घासते,
कधीमधी. आठवडाभर.
पेन माझ्या गोलावर टेकतं, उचलतं.
शाईचा एक ठिपका राहतो.

फटीआजोबा अंथरुणातून सांगायचे
आता पाणी फिरलं.
काकाच्या हसण्याने फेरीतली परकी माणसं हसायची.
हेही त्याच रक्तातलं ना?
त्याला कुठला रंग?

खाजनाच्या बांधातल्या दाराला
आमच्याकडे मानस म्हणतात.
शाळेत बाई म्हणाल्या, मानस म्हणजे मन,
तेव्हा मी एकटीच हसले होते.
भरती चढली की झापडं आपोआप मिटतात,
ओहोटीला उघडतात.
चंद्राशी कुणी भांडत नाही.
लाकूड तेवढं बघायचं, कुजलं की बदलायचं,
आणि आजोबा ते दर वर्षी बघत,
बाराव्या दिवसाच्या त्या वर्षीसुद्धा.

हे मी डॉक्टरला सांगितलं नाही.
ती गोळ्यांची नावं लिहीत होती.

रायबंदरहून फेरी सुटली.
शमिका कठड्याला टेकून बोलतेय,
सतरा वर्षांची, काल रात्री सहा तास झोपलेली.
कॉलेज, मैत्रिणीचा कुत्रा, हिरवे केस करू का,
आणि मध्येच हसली, काकासारखी,
पलीकडचा स्कूटरवाला हसला.
मी तिची वाक्यं मोजतेय.
आनंद किती वेगाचा असतो
सतराव्या वर्षी, मला आठवत नाही.

काय बघतेस गो, म्हणाली.
काही नाही.
पाणी कुठवर चढलंय ते.