पंधरा पाऊणे सव्वाअकरा

धरणावर लागलो तेव्हा साहेबांनी
एक जाडजूड पुस्तक हातात दिलं :
पातळी, विसर्ग, कुठला दरवाजा किती इंच.
त्यात खाडी नव्हती.

खाडी शिकवली भिवा तांडेलाने,
धक्क्यावर, विडी विझू न देता.
तिथीला पाऊणने गुण, भरतीची वेळ निघते.
अष्टमीला सहा.
पुनवेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा.
"तुझा पाणी नि माझा पाणी
पेठेत एकमेकांक भेटाक नये," म्हणाला.
"भेटली की भांडतत,
आणि मोडता ता वालावलकराचा दुकान."

दुकानात त्या भांडणाची रेघ अजून आहे.
रंग काढताना तेवढी सोडतात.
रेघेच्या वर साड्या,
खाली प्लास्टिकच्या बादल्या.

कुडवलीच्या तळ्याला आता बाग आहे,
घसरगुंडी, पाय सोडून बसायला पायऱ्या
आणि इनासच्या सहा हंसबोटी.
एकाच्या चोचीचा रंग उडालाय,
पोरांना नेमका तोच हवा असतो.
नारळी पुनव रविवारी आलेली.
इनासने बोटी धुऊन घेतल्या,
भजीवाल्याने तेलाचा डबा जास्तीचा आणला.
तळं काठोकाठ, फोटोत असावं तसं.

मला काठोकाठ बघवत नाही.
मी राखतो ते पाणी नव्हेच,
पाण्याच्या वरची चार हात रिकामी जागा.
घाटातला पाऊस कधीही दाराशी येईल,
म्हणून झाडून ठेवलेली ओसरी.

चतुर्दशीला वरून फोन : घाटमाथा कोसळतोय.
साडेदहाची भरती उलटू दिली.
एक वाजता भोंगा,
मग तिन्ही दरवाजे, जरा जरा.
नदी ओहोटीचा हात धरून
पेठेतून उतरली,
एक शटर वाजलं नाही.

सकाळी हंस चिखलात.
इनास पायऱ्यांवर उभा :
"माझी गिऱ्हायका काय चिखलात पायडल मारतली?"
मी म्हटलं, सव्वाअकरा होऊ दे.
त्याला वाटलं, बोटी तरंगायचं सांगतोय.
कुडाळहून आलेली एक पोरगी तोवर
रंग उडालेल्या हंसात बसून
चिखलातच पाय फिरवत होती.
तिच्याकडून त्याने पैसे घेतले नाहीत.

सव्वाअकराला दरवाजे बंद.
वरून तांबडं पाणी, बांबू, कुणाची तरी एक चप्पल.
पट्टीवरचे आकडे एकेक करून बुडाले.
आणि खाली, कोरड्या रस्त्याने
लोक नारळ घेऊन बंदरावर चाललेले.

दुपारी हंस तरंगले.
पण ओढ होती, पाणी तांबडं,
बोटी बंदच ठेवाव्या लागल्या.
वहीत शेरा लिहिला : पेठेत पाणी नाही.
इनासच्या बुडालेल्या दिवसाला
त्या वहीत रकाना नाही.

संध्याकाळी तो दोर आवळत होता.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"उद्या पाडवो मा?"
मी मान हलवली.
गाठ मारता मारता
त्याचे ओठ हलले :
"म्हणजे पाऊण."