छर्रा

मानोरा फाट्यावर, पंक्चरच्या दुकानाला लागून,
ढोके रिवायंडिंग वर्क्स.
बाबा स्टेटरच्या पोटात सायकलचा एक छर्रा टाकतात,
कमी दाबावर लाइन सोडतात,
आणि छर्रा आतल्या आत भिंत धरून धावू लागतो,
जत्रेतल्या लाकडी विहिरीत
फटफटी फिरवणाऱ्या पोरासारखा.
"वाइंडिंग सई हाय."
फिरतं चुंबकक्षेत्र मी असं पाहिलं,
पुस्तकात येण्याच्या आठ वर्षं आधी,
पेरूची फोड खात.

आज अय्यूब विचारतो,
"ताई, थ्या तिकडं तुमी मोजता तरी काय?"

मी सांगते: निकेलचा थर,
कांद्याच्या पापुद्र्याला जाडा म्हणावं इतका पातळ.
त्यावर लेझरचा एक ठोका.
आमच्यात त्या ठोक्याला पंप म्हणतात.
"पंप? किती एच.पी.चा?"
दुकान हसतं. मीही.
पण उपसतो तो खरंच.
थरातलं चुंबकत्व तळ दिसेस्तोवर उपसतो,
आणि मागोमाग दुसरा ठोका येतो, क्ष-किरणांचा,
नुसता बघायला.

तो कुठून येतो?
जमिनीखालून, कोसभर लांब बोगद्यातून.
चुंबकांच्या दोन रांगांमधून इलेक्ट्रॉन हाकलायचे,
सरळ जाऊ द्यायचं नाही,
प्रत्येक वळणावर ते उजेड सांडतात.
"म्हंजे चुंबक पाहाले चुंबकच लागते,"
बाबा तार न सोडता म्हणतात.

प्रकाशालाही वळण असतं, डावं नि उजवं.
दोन्ही पाठवायची, दोन्ही किती आरपार गेली ते मोजायचं,
जो फरक उरेल तेवढं चुंबकत्व.
"कॉइलीसारखंच. उलटी भरली तं मोटार उलटी."
हाव, बाबा.

घड्याळ नसतं आमच्याकडे, आरसा असतो.
केसाच्या शंभराव्या भागाएवढा मागे सरकवला
की उजेडाला लांबून यावं लागतं,
तेवढाच उशीर. पुन्हा ठोका. पुन्हा आरसा.
बाबांच्या गेजपट्टीवर बावीस नंबरची तार बसते,
आमच्या पट्टीवर वेळ.
स्टार्टर सुटताना 'टक' होतं ना,
त्या एका 'टक'मध्ये
असं चुंबकत्व पाचशे कोटी वेळा विझेल.
अय्यूब 'टक' करून बघतो. दोनदा.

तेवढ्यात लाइन गेली.
छर्र्याची भिंत सुटली.
तो स्टेटरच्या तळाशी डुलला, तोंडाशी आला,
टेबलावरून टपकला नि गेला.

अंधारात बाबा म्हणाले, "मंग थे गेलं कुठी?"
"टेबलाखाली असेल."
"छर्रा नाई वं. थे. तू सांगत होती थे."

पंधरा वर्षं आम्ही हेच विचारतोय.
कोणी म्हणतं, इलेक्ट्रॉनच घेऊन पळतात.
कोणी म्हणतं, अणूंच्या जाळीला मिळतं,
लोखंड आतून पीळ खातं, थरथरतं.
माझी तीन रात्रींची मोजणी दुसऱ्या बाजूने बोलते,
पण हळू बोलते.

बाबांनी माझा हात धरून स्टेटरवर ठेवला.
गरम होता.
"इथं हाय."
मी म्हटलं, उष्णता वेगळी, बाबा,
फिरण्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.
"असंन," ते म्हणाले, हात काढू न देता.

मग जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून
त्यांनी टेबलाखालची धूळ चाळली.
कीस आला, दोन वॉशर आले,
आईची कधीची हरवलेली सेफ्टीपिन आली.
छर्रा आला नाही.

रात्री अकराला शेतीची लाइन आली.
संत्र्यांच्या बागांतून एकेक मोटार घुमू लागली.
मी खाटेवर पडून ऐकत राहिले,
आणि शेजारच्या खाटेवरून बाबा,
झोपलेत असं वाटलं असताना:
"तो आरसा किती सरकोता म्हने?"