अकराशे चाळीस

कापणीच्या सणाचा लिलाव होता तो.
मेकोसाबागच्या चर्चबाहेर, चिंचेखाली,
एक लाल भोपळा तीनदा विकला गेला,
घेणारा पुन्हा देवालाच देई, पुन्हा बोली चढे.
गावरान कोंबडी सुटली, पोरं मागं धावली,
पाळकसाहेबसुद्धा हसले पोट धरून.
आणि दिवेलागणीला हिशेबात
अकराशे चाळीस रुपये भरेनात.

थैली दुपारभर सिलासच्या हातात होती.
मी खजिनदार. मी एवढंच विचारलं,
"थैली कोणाजवळ होती?"
चोर हा शब्द मी उच्चारला नाही.
तो बाकीच्यांनी उच्चारला,
घरोघरी, चहासोबत.

सिलास आधी शेवटच्या बाकावर गेला,
मग सदरच्या चर्चमध्ये.
रूथबाईनं स्वतः विणलेली झालर
पेटीवरून उतरवली, घडी केली,
पिशवीत घातली, आणि कुणाशी न बोलता
दारातून निघून गेली.

तीन हिवाळ्यांनंतर कोट उन्हात टाकताना
खिशाच्या फाटक्या शिवणीतून अस्तरात उतरलेलं
एक पाकीट बोटांना लागलं.
वर माझंच अक्षर:
लिलाव, दुसरी खेप.

मी ते कोणाला दाखवलं नाही.
पुढच्या रविवारी दानाच्या तबकात
नोटा दुमडून टाकल्या, वर माझं नेहमीचं पन्नासचं दान.
देवाचं देवाला पोचतं केलं.
सिलासचं जे होतं
ते कोणत्या तबकात टाकायचं?

त्यानंतर प्रभूच्या प्रार्थनेत
ऋण सोडण्याची ओळ आली की मला खोकला येई.
चार वर्षं, नेमका तिथंच.
बायको म्हणाली, मेयोत दाखवून या.
शांतीची खूण देताना डावीउजवीकडचे हात
मी पटकन सोडत असे,
तळवा ओला लागेल म्हणून.

मे महिना. सेहेचाळीस.
खलाशी लाईनमध्ये कुत्रीसुद्धा नालीत निजलेली.
सिलास स्टुलावर उभा,
कूलरची बाजू उघडी, जुना वाळा खाली पडलेला,
हातात पंप.
"काहून आला?"

घरून पाठ करून नेलं होतं सगळं.
ते तसं आलं नाही.
आधी कोट आला, मग भोपळा,
मग पाकीट, मग पुन्हा कोट.
क्षमा हा शब्द तर मधेच कुठं तरी पडला,
मलाच ऐकू गेला नाही.

त्यानं वळून पाहिलं नाही.
पंपातला गाळ अंगठ्यानं काढत राहिला.
"मी घेतले नाई, एवढं मले माईत होतं.
बाकीचं देव पायते म्हटलं.
लय टाइम लावला गा त्यानं."
मग थोड्या वेळानं,
"तुले कदी सापडले?"
"चार वर्षं झाली."
पंप त्याच्या हातात तसाच राहिला.
गल्लीतून बर्फाचा गोळेवाला घंटी वाजवत गेला,
पार कोपऱ्यापर्यंत गेला.

"बादली धर," तो म्हणाला.

मी बादली धरली. सहा बादल्या.
नवा वाळा भिजला, पंखा आधी कुरकुरला,
मग खोलीभर वास पसरला गार मातीचा.
आतल्या भांड्यांचा आवाज कधीच थांबलेला.
पडद्याखाली दोन पावलं दिसत होती,
पुढं येत नव्हती, मागंही जात नव्हती.

मग पडद्याआडून हात आला, चहा ठेवून गेला.
एकच कप.
सिलासनं त्याच्याकडं पाहिलं,
पडद्याकडं पाहिलं,
अर्धा बशीत ओतला
आणि बशी माझ्याकडं सरकवली.

"आयतवारी सगळ्यायसमोर सांगशील?"
"सांगेन."
"माह्यासाठी नको. तिच्यासाठी."

बशी हातात हलली,
चहा मनगटावरून कोपरापर्यंत गेला.
आतून रूथबाईचा आवाज आला,
सात वर्षांनी, कुणाचंच नाव न घेता:
"फडकं तिथंच खिडकीत हाय."