पिवळ्या फुलातलं तांबडं

इंद्रेक, त्या नोव्हेंबरात तू बेटावर परतलास
बोटीच्या शेवटच्या फेरीनं.
एकच बॅग. "तुझ्यासाठी काही आणलं नाही,"
म्हणून दारातच माफी मागितलीस.
मला तेव्हाच कळायला हवं होतं.
आमच्याकडे माणूस माफी मागतो
ते एकतर दुसऱ्याची होडी बुडवल्यावर,
नाहीतर स्वतः बुडत असताना.

मी आई. मी बरणी उघडली.

जूनमधल्या सगळ्यात तोकड्या रात्रीनंतर
कुरणातून खुडलेली फुलं,
माळ्यावर उलटी टांगून वाळवलेली.
आमच्या भाषेत त्यांचं नाव 'बायकांची लाली'.
फूल पिवळंधमक. पण ओली कळी
चिमटीत चुरडली की बोटं तांबडी होतात,
आपल्याच हातून काही घडल्यासारखी.

तुझे वडील गेले त्या हिवाळ्यात
मीही प्यायले होते हा काढा.
मार्चपर्यंत बरं वाटू लागलं.
फुलांनी, की दिवस लांबले म्हणून,
हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

तू सकाळी एक पांढरी गोळी घेत होतास,
नखाएवढी, नळ सोडून, पाठमोरा.
तू सांगितलं नाहीस,
मी पाहिलं नाही असं दाखवलं.
आपल्या घरात दोघंही मूग गिळून;
बोलायची ती फक्त किटली.

मग मी फळी भरत गेले.
माशाच्या तेलाच्या कॅप्सूल,
उन्हाच्या जागी ड जीवनसत्त्वाचे थेंब,
मॅग्नेशियम, कारण शेजारच्या ऐनोला
म्हणे त्यानं झोप लागते.
ते तू निमूट घेतलंस.
फुलांचं मात्र बोलले नाही.
लिंडनच्या चहात चिमूटभर,
वर मध, म्हणजे कडवटपणा लपतो.

डिसेंबरात तुझा चमचा बशीवर वाजू लागला.
बाहेर उणे बारा, आणि तुझा सदरा ओला.
रात्री तीनला तुझी पावलं, खिडकी ते दार,
दार ते खिडकी.

मी चिमूट वाढवली.

हे वाक्य लिहायला मला सहा महिने लागले.

औषधांच्या दुकानात हेल्वीनं
कॅप्सूलची बाटली पिशवीत टाकता टाकता थांबून विचारलं,
"आणखी काय काय देतेस त्याला?"
काही नाही, मी म्हणाले.
मागे कोणी नव्हतं. बर्फ पडत होता.
तिनं पिशवी माझ्याकडे सरकवली नाही.
"सल्मे," ती म्हणाली, "मी तुझ्या बागेत येऊन गेले आहे."

घरी आले. बरणी टेबलावर ठेवली,
झाकण काढून.
तू तिच्याकडे पाहिलंस, मग हातांकडे,
आणि हसलास. हसलास!
"म्हणजे हे थरथरणं माझं नाही?
मला वाटलं, आता हातही गेले.
डॉक्टरला सांगितलं नाही मी,
ती परत आत ठेवून घेईल म्हणून."
मग तू खिशातली पांढरी पट्टी काढून
बरणीशेजारी ठेवलीस.

फोन लावला. पलीकडे रात्रपाळीची नर्स,
आवाज झोपाळलेला, पण पेन हातात.
तू गोळीचं नाव सांगितलंस,
मी फुलाचं.
आपण दोघं एकाच रिसीव्हरला कान लावून,
डोक्याला डोकं टेकवून,
तू सात वर्षांचा होतास तेव्हासारखे.
ती म्हणाली, चहा आजच बंद,
गोळी मनानं सोडू नका,
आणि आत्ताच निघा, त्याला तपासू दे.
मी तुझे बूट शोधले. तू माझे.

तू बरा झालास असं मी कुठे म्हणतेय.
परवाही दुपारी तीनपर्यंत अंथरुणात होतास,
भिंतीकडे तोंड करून.
काल मात्र बंदरावर दोर ओढायला गेलास,
परतताना धुरावलेला मासा आणलास,
कागदात गुंडाळलेला, माझ्यासाठी.

कुरण पुन्हा पिवळं झालंय.
एक कळी चुरडली, सवयीनं.
बोटं पाण्याखाली धरली, निघालं नाही.
बरणीत आता बटणं आहेत.

"चहा आहे?" तू विचारतोस.
कोणता?
"साधा."
मी तुझ्यासमोर करते.
पाणी. पत्ती. इकडे बघ,
हात रिकामे आहेत.