मूठ एकवीस किलो

विडी घरकुलातल्या दवाखान्यात शिबिर होतं.
फुकट. म्हणून गेले.
पोरीनं नाव लिहिलं : अनसव्वा बिर्रू.
वय? त्र्याहत्तर. रेशनकार्डावर सत्तर.
तीन शब्द सांगते, म्हणाली, शेवटी विचारीन.
आणि हातात चिमट्यासारखं यंत्र दिलं,
जीव लावून दाबा आजी.
दाबलं.
काटा एकवीसवर.
तिनं यंत्र हलवून पाहिलं, मग मला पाहिलं,
पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा एकवीस, वर थोडं.

अगं, बावन्न वर्षं मांडीवर सूप,
दिवसाला हजार विड्या.
तोंड दुमडून दुमडून अंगठ्याचं नख
पाटीसारखं गुळगुळीत झालंय.
ही मूठ तंबाखूनं पोसली की खाल्ली,
ते मला सांगता येत नाही.

शंभरातून सात वजा करत चला, म्हणाली.
मनात तेलुगूत, तोंडानं मराठीत :
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर...
तिची पेन्सिल मागं पडली.
मुकादमासमोर कट्टे मोजलेत मी.
पंचवीसच्या कट्ट्यात चोवीस म्हणायला
त्यानं तोंड उघडायच्या आत
माझा हिशोब बाहेर असायचा.
चुकला, तर रात्री पोरांच्या ताटात दिसायचा.

खुर्चीशी मात्र हरले.
हात छातीवर बांधून पाच वेळा उठा.
तिसऱ्या वेळी मांड्यांनी ओ दिली नाही.
कशा देतील?
इतकी वर्षं त्यांना फक्त सूप धरायला सांगितलेलं.

आणि ते तीन शब्द.
पेरू. कंदील. आणि...
तिसरा गेला.
कागदावर तिनं एक गुण छाटला.
छाट माझ्या ओळखीची.
हजारात चाळीस जायच्या, चांगल्या वळलेल्या,
शिव्या देत घरी यायचे.
पण ही छाट खरी होती,
म्हणून जास्त लागली.

गिरणीतून दळण घेतलं, पाच किलो ज्वारी.
मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर.
लिफ्ट चालू होती. तिला जाऊ दिलं.
पोर म्हणाली होती, मांड्यांना काम द्या.
पहिल्या मजल्यावर कठडा धरला,
दुसऱ्यावर पिशवीचा हात बदलला,
त्याच्या वरच्या वळणावर मांड्या अशा पेटल्या
की वल्लभव्वाला, मेलेल्या माझ्या सासूला, हाक मारली.
तेव्हा आला.
कुणाच्या कुकरची नव्हती, पोलिसाची नव्हती,
आधी तेलुगूत आली : ईल.
मग मराठीत : शिट्टी!
एवढ्या जोरात म्हणाले की
समोरच्या दारातून पोरगं बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.
शिट्टी, म्हटलं.
ती हसली. आज नाही धरता येत आजी.
नको धरू. लिहून ठेव कुठंतरी.
तिनं कोपऱ्यात लिहिलं, बारीक.

मग निघाले. तिच्या खुर्चीवरून उठताना
हात टेकला का, नाही टेकला,
तिनं पाहिलं नाही.
आणि मी, जन्मभर मोजणारी,
मीही मोजलं नाही.