कोरा फुगा

सुसरीचा जन्म बडोद्यात, दांडियाबाजारात,
एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर झाला.
कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद असायचा.
कुमुदिनी चिटणीस चित्रं काढायची,
मी फुग्यांत अक्षरं भरायचे.
फुग्याला पंधरा पैसे, किंकाळीला वीस,
कारण ती जाड लिहावी लागे.

जशभाई शेठ म्हणाले, "नाम मगरराणी राखो ने, बेन."
कुमुदिनी म्हणाली, राणी कसली?
कोर्टात टंकलेखन करते, भाड्याच्या खोलीत राहते.
मग गुजराती अंकात मगरराणी, मराठीत सुसरी.
आम्हा बडोदेकरांना त्यात नवल नव्हतं,
आम्हीही घरात एक बोलतो, बाजारात एक.

अंक पहिला, पान तिसरं.
विश्वामित्रीला पूर, काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून
मुलगी पडते.
की ढकलली जाते?
ते कुमुदिनीने मलासुद्धा सांगितलं नाही.
खाली मगरीण जबडा उघडून.
इथे पोरांनी पान उलटायला घाबरावं,
आणि घाबरायची ती.
उलटलं की मगरीण तिला खात नाही.
पिल्लं नेते तशी नेते, दातांच्या मधोमध,
काठच्या चिखलात ठेवते
आणि वळूनही न बघता पाण्यात जाते.
उल्का नाही, शाप नाही, कुठल्या ग्रहावरून येणं नाही.
कुणीतरी दातांत धरलं आणि चावलं नाही,
एवढ्यावर एका बाईच्या अंगात बळ आलं.

शक्ती म्हणाल तर:
गढूळ पाण्यात तिला स्वच्छ दिसतं.
तासन्‌तास न हलता पडून राहता येतं
(हे मलाही येतं, मी म्हटलं, आमचे हे बोलत असले की).
पाठीवर घाव लागत नाही. पोटावर लागतो.
आणि समोरचा खोटं रडला की तिचे डोळे पिवळे होतात;
नक्राश्रूंची पारख दुसऱ्या कुणाला असणार?
अकराव्या अंकात एक मंत्री पूरग्रस्तांपुढे रडला.
तो अंक जशभाईंनी तोलून रद्दीत घातला.
बारावा निघालाच नाही.

चाळीस वर्षांनी मुंबईहून मुलं आली,
अलकापुरीच्या हॉटेलात मला चहा पाजला.
कुमुदिनी तोवर नव्हती; सही तिच्या भाच्याने केली.

पडद्यावर सुसरीला प्रयोगशाळा मिळाली,
हिरवं इंजेक्शन, शास्त्रज्ञ वडील,
खवल्यांचा घट्ट पोशाख, मानेपासून टाचेपर्यंत,
पोट तेवढं उघडं.
जिथे घाव लागतो नेमकं तेवढंच.
मगर संगणकातली, बसपेक्षा लांब, सारखी धावणारी.
आमच्या नदीतली उन्हात आ वासून पडते,
पूल थबकायला तेवढं पुरतं.

जबडा मात्र त्यांनी ठेवला होता, मध्यंतराआधी.
दातांच्या आत ती नटी. ओठ हलतात.
आवाज नाही, पार्श्वसंगीतसुद्धा बंद.
शेजारच्या पोरीने तोंडातला घास तसाच धरला.
मूळ अंकात त्या जागी कोरा फुगा आहे,
त्यावर दिग्दर्शकाने मुलाखतीत पाऊण तास काढला होता:
शब्दांपलीकडचं मौन, स्त्रीचं, नदीचं.
अख्ख्या थिएटरात मी एकटी हसले.

डिंक कच्चा निघाला होता हो.
चिठ्ठी लिहिली मी, चिकटवली मी,
छपाईला जाताना ती कुठे गळली कळलं नाही.
वाचकांची पत्रं आली पोतंभर, ती काय म्हणाली?
जशभाई म्हणाले, राहू द्या, खप वाढतोय.

रात्री घरी चपला काढताना
डाव्या तळव्याला चिकटलेली सापडली,
माझ्याच अक्षरात, चिखलाने अर्धी पुसलेली.
कुमुदिनीने एकच शब्द दिला होता,
मुलीने मगरीला म्हणायचा:
हळू.

कोऱ्या फुग्याचे पंधरा पैसे
जशभाईंनी माझ्या हिशेबातून कापले.
ते अजून यायचे आहेत.