थप्पी

पहाटे चारला कांद्याच्या गाड्या लागतात तुर्भ्याला.
पन्नास किलोची गोण पाठीवर घ्यायची, थप्पी लावायची.
खाली जड, वर हलकं,
प्रत्येक गोणीवर व्यापाऱ्याची खूण,
लाल गोल, निळा त्रिशूल, हिरवी चौकट.
तेवीस वर्षं. माझी थप्पी कधी ढासळली नाही.

आणि घरी, घणसोलीत, सुजलचं दप्तर.
मराठीच्या वहीखाली अर्धी पोळी,
तीन टोपणं, पेन एकही नाही,
मागच्या महिन्याची चिठ्ठी : पालकांनी भेटावे.

दुसरीत असताना ताप डोक्यात गेला त्याच्या.
अकरा दिवस शुद्ध नव्हती.
मग उठला, मला हाक मारली. आम्ही पेढे वाटले.
बाकीचं हळूहळू कळत गेलं.

फोटोत डॉक्टरांनी दाखवली
कपाळामागं बोटाच्या पेराएवढी फिकट जागा.
मी विचारलं, म्हणजे आवक सगळी चालू,
पण गेटवर पावती फाडायला माणूस नाही?
ते थांबले. म्हणाले, असंच काहीसं.

त्यानंतर मी ओरडायचं सोडलं.
लगेच नाही.

मढवी मॅडम म्हणाल्या, ‘नीट ठेव’ म्हणू नका त्याला,
नीट म्हणजे कुठं, हे त्याला दिसत नाही.
एक वस्तू सांगा. एक जागा दाखवा.

मग मार्केटातून रंगाचे डबे आणले, तळाला उरलेले.
गणिताला लाल गोल, इंग्रजीला त्रिशूल.
दारावर चित्रं काढली : डबा, बाटली, कंपास, वह्या.
अकराला मी घरी येतो, त्याची शाळा साडेबाराची.
“सुजल, खाली काय?”
“जड.”
“आणि वर?”
खिडकीत कबुतर आलेलं असतं.
मी थांबतो. ताडपत्री सुटेपर्यंत
थांबायची सवय आहे मला.
“हलकं,” तो म्हणतो, कबुतराकडे बघतच.

काल सगळं जमलं. चेनसुद्धा लागली.
बूट उलटे, पण पायात.
जिना उतरून गेला,
दप्तर दाराशी.

शिवी तोंडात आली होती माझ्या,
तेवढ्यात धापा टाकत वर आला,
चित्रांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.
“पप्पा, यात दप्तर कुठंय?”

खरंच की.
डबा, बाटली, कंपास, वह्या.
गोणी सगळ्या मोजल्या,
गाडीच लिहिली नव्हती मी.

त्यानं ब्रश मागितला.
खाली एक चौकोन काढला, त्याला दोन पट्टे.
एक पट्टा लांबला,
चौकट ओलांडून भिंतीवर गेला.

शाळेला उशीर झाला.
पट्टा अजून भिंतीवर आहे.